म्हणाला की म्हणाली? मराठी बातमीने विचारायचा राहिलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोर्टाचे कामकाज आटोपून आम्ही कचेरीत बसलो असता आमच्या कारकुनाने आत येऊन वर्दी दिली, "साहेब, बाहेर ते आलंय." कोण आले आहे हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या एका नपुंसकलिंगी क्रियापदाने आम्हा दोघांनाही सारे समजले होते.

आत आल्या त्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या सेवेत आयुष्य घालवलेल्या, साठीकडे झुकलेल्या, कपाळाला भंडारा लावलेल्या एक पक्षकार. कन्नड मुलखात ज्यांना जोगप्पा आणि आपल्याकडे जोगता म्हणतात, त्या परंपरेतल्या. हातात वर्तमानपत्राची घडी होती. बाजाराच्या दिवशी एका तालुक्याच्या बसस्थानकावर चार तरुणांनी त्यांना व त्यांच्या सोबतिणीला मारहाण केली होती आणि जोगव्याचे पैसे हिसकावून नेले होते. फिर्याद यांनीच दिलेली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती मात्र 'तृतीयपंथीयांचा बसस्थानकात धिंगाणा' या मथळ्याखाली. घडी आमच्यासमोर उलगडून त्या म्हणाल्या, "वकीलसायेब, मार आमी खाल्लाव, पैसं आमचं गेलं, आणि पेपरात दंगा बी आमचाच?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हते. हकीकत लिहून घ्यायला आम्ही कागद पुढे ओढला आणि पहिल्याच वाक्यावर अडलो. 'मी सांगतो की' लिहायचे की 'मी सांगते की'? पंचवीस वर्षांच्या वकिलीत हा प्रश्न आम्ही कोणाला विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. उत्तर आले, "सांगते लिवा. आजवर कुनी इचारलंच न्हाई."

वृत्तपत्रे आणि वाहिन्या समलैंगिक, पारलिंगी, तृतीयपंथी माणसांचे चित्रण कसे करतात, याविषयी बोलताना बहुतेक चर्चा दृष्टिकोनावर थांबते. दृष्टिकोन सुधारावा हे कोणीही मान्य करील. परंतु दृष्टिकोन वसतो तो भाषेत: मथळ्याच्या नामात, बातमीच्या क्रियापदात, छायाचित्राखालच्या ओळीत. मराठीचा कैवार घेणाऱ्या आपण सर्वांनी म्हणूनच हा प्रश्न आपला मानला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्याकरणाची सबब

मराठीचे क्रियापद लिंग लपवू देत नाही. इंग्रजी वार्ताहर 'सेड' लिहून मोकळा होतो. मराठी वार्ताहराला 'म्हणाला', 'म्हणाली', 'म्हणाले', 'म्हणाल्या' यांतून निवड करावीच लागते. इतकेच काय, मराठीत माणूस स्वतःविषयी 'मी आलो' वा 'मी आले' म्हणतो, तेव्हा प्रथमपुरुषातही आपले लिंग जाहीर करतो. शेजारच्या कन्नडात तसे नाही. 'नानु बंदे' पुरुषही म्हणतो, स्त्रीही म्हणते. तृतीयपुरुषातही 'अवरु हेळिदरु' या आदरार्थी रूपात स्त्री-पुरुष भेद नाही. भाषेच्या प्रश्नावर आमचे कन्नडसक्तीशी भांडण असले तरी कन्नड भाषेशी नाही. या एका बाबतीत कन्नड वार्ताहराची वाट सोपी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण म्हणून मराठी वार्ताहराची सबब टिकते का? मुळीच नाही. आपल्या भाषेनेही वाट ठेवलेली आहे. भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. 'त्यांनी सांगितले', 'त्यांनी फिर्याद दिली', 'त्यांनी अर्ज केला' या वाक्यांत कर्ता स्त्री की पुरुष हे कळत नाही आणि आदरही राखला जातो. ज्याला खरोखर माहीत नाही त्याने हा प्रयोग वापरावा. ज्याला माहीत करून घेता येते त्याने विचारावे. वास्तविक बातमीदाराने नाव, वय आणि गाव विचारलेलेच असते. त्यात आणखी एक प्रश्न घालायला क्षणभरही लागत नाही.

आणि 'ते आलंय', 'ते म्हणालं' हा नपुसकलिंगी प्रयोग? मराठीत तो लेकराला आणि कोकराला चालतो. प्रौढ माणसाला लावला की त्याचा अर्थ एकच होतो: हे माणसांत मोजलेले नाही. छापील बातमीत हा प्रयोग सहसा येत नाही, परंतु वाहिन्यांच्या प्रतिनिधींच्या तोंडी आणि बातमीखालच्या शेऱ्यांत तो सर्रास असतो.

ही केवळ सौजन्याची बाब नाही, कायद्याचीही आहे. 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, आपले लिंगभान ठरविण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे. या तत्त्वाचा एक सुरेख प्रत्यय जानेवारी 2021 मध्ये आला. जळगाव जिल्ह्यातील ग्रामपंचायत निवडणुकीत एका पारलिंगी उमेदवाराचा स्त्रियांसाठी राखीव प्रभागातील अर्ज फेटाळला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरावयास लावला आणि त्या निवडूनही आल्या. न्यायालयाने ज्यांना स्त्री म्हणून उभे राहू दिले आणि गावाने निवडून दिले, त्यांना बातमीने 'तो' म्हणणे हा मतदारांच्या कौलाचाही अवमान होय.

नामे कोणी ठेवली?

आता नामांकडे वळू. 'तृतीयपंथी' हा शब्द आज रूढ आहे, शासनही वापरते, आणि 'हिजडा' या शब्दाच्या शिवीसारख्या वापरापुढे तो पुष्कळ सभ्य आहे. तरी त्यातील 'पंथ' खटकतो. पंथ माणूस स्वीकारतो वा सोडतो; लिंगभान तसे नसते. शिवाय हा एकच शब्द हिजडा समाजाच्या घराण्यांतील व्यक्ती, जोगते, शस्त्रक्रिया करून घेतलेल्या पारलिंगी स्त्रिया, पारलिंगी पुरुष आणि जन्मतः आंतरलिंगी असलेली मुले अशा सर्वांवर सरसकट चिकटवला जातो. 'पारलिंगी' हा शब्द अधिक नेमका आहे. तो रुळायला हवा.

'उभयलिंगी' या शब्दाचे दुखणे निराळे. शाळेतल्या जीवशास्त्रात आपण शिकलो की गांडूळ उभयलिंगी असते, म्हणजे एकाच देहात दोन्ही जननेंद्रिये असतात. तोच शब्द बातमीत स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीसाठी येतो. वाचकाने काय समजावे? 'समलिंगी' आणि 'समलैंगिक' या शब्दांतही 'लिंग' मराठीत इंद्रियवाचक आणि व्याकरणवाचक अशा दोन्ही अर्थांनी असल्यामुळे माणसाआधी देहच डोळ्यांपुढे उभा राहतो. ही कोंडी ओळखूनच पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी आपल्या संस्थेचे नाव 'समपथिक' ठेवले. त्या शब्दात देह नाही, सोबत आहे. मराठीला असे शब्द घडवता येतात, याचा हा पुरावा.

याउलट, नाव ठेवण्याचा अधिकार सत्तेने आपल्याकडे घेतला की काय होते, हे आपल्या दोन्ही शेजारांत पाहता येईल. निजामाच्या हैदराबादेत 1329 फसलीमध्ये, म्हणजे 1919 च्या सुमारास, 'युनक' लोकांची नोंदवही ठेवणारा कायदा झाला. स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी दिसणे हेच अटकेला पुरेसे कारण ठरले. हा कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने रद्द केला तो जुलै 2023 मध्ये. कर्नाटकाने तर 2011 साली, स्वतंत्र भारतात, पोलीस अधिनियमात 36-अ हे कलम घालून अशाच नोंदवहीची तरतूद केली. न्यायालयात आव्हान दिल्यानंतर त्यातील 'युनक' हा शब्द काढावा लागला. एक शब्द, आणि त्याच्या आधारे पोलीस ठाण्यातली वही. आपल्याला काय म्हणायचे हे दुसऱ्याने सरकारी कागदावर ठरवावे, याची सल सीमाभागातील माणसाला शिकवावी लागत नाही.

'हिजडा' या शब्दाविषयी एक खुलासा. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या मराठी आत्मकथनाचे नावच 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' असे आहे. तो त्यांचा अधिकार आहे. स्वतःसाठी अभिमानाने उच्चारलेला शब्द आणि दुसऱ्यावर फेकलेला शब्द एक नव्हे. राजकीय सभेत प्रतिस्पर्ध्याला 'हिजडे', 'नामर्द', 'बांगड्या भरा' असे हिणवले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य अवतरणचिन्हांत, मोठ्या टाइपात पहिल्या पानावर येते. संपादक म्हणतो, हे नेत्याचे शब्द आहेत. खरे आहे. पण ते मथळ्यासाठी निवडणारा हात संपादकाचाच असतो.

एका मराठीच्या प्राध्यापकाची आठवण

शब्दांनी जखम होते; कॅमेऱ्याने जीवही जातो. महाराष्ट्राबाहेर मराठी जगविणाऱ्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्या यादीत डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नाव क्वचितच येते. नागपूरकडचे हे कवी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला होता.

8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री वार्ताहर म्हणवणारे दोघे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. सिरस आणि त्यांचा मित्र यांच्या खासगी क्षणांचे चित्रण केले गेले. विद्यापीठाने गुन्हा घुसखोरांचा न मानता प्राध्यापकांचा मानला व त्यांना निलंबित केले. लक्षात घ्या, 2 जुलै 2009 रोजीच, म्हणजे जेमतेम सात महिन्यांपूर्वी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. 1 एप्रिल 2010 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. 7 एप्रिलला सिरस आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. त्या प्रकरणात पुढे कोणालाही शिक्षा झाली नाही.

सिरस यांचे आयुष्य पुढे हंसल मेहता यांच्या 'अलीगढ' या चित्रपटातून देशासमोर आले. तो हिंदी चित्रपट होता. मराठी भाषेच्या या शिक्षकाला मराठी पत्रसृष्टीने आपला माणूस म्हणून किती जागा दिली, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. मराठीसाठी परप्रांतात झिजलेला माणूस आणि समलैंगिक माणूस एकच असू शकतो, ही गोष्ट आपल्या मथळ्यांत बसत नव्हती, असेच म्हणावे लागते.

त्यानंतर वर्षभराने, 2011 मध्ये, हैदराबादच्या एका तेलुगू वाहिनीने शहरातल्या समलैंगिक पुरुषांविषयी छुप्या पद्धतीने मिळविलेली छायाचित्रे व संभाषणे दाखवली. वाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने तिला एक लाख रुपये दंड केला आणि क्षमायाचना प्रसारित करण्यास सांगितले. ऑगस्ट 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने लैंगिक कल हा खासगीपणाच्या अधिकाराचा गाभ्याचा भाग ठरविला. तेव्हा एखाद्याचा कल त्याच्या संमतीवाचून जगजाहीर करणे ही 'ब्रेकिंग न्यूज' नव्हे. तो एका माणसाच्या मूलभूत अधिकारावरचा घाला आहे.

'अनैसर्गिक' हा कोणाचा निसर्ग?

गुन्हेवृत्तांत एक शब्द ठाण मांडून आहे: 'अनैसर्गिक'. तो भारतीय दंडसंहितेच्या कलम 377 मधून आला. 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे प्रौढ संबंध त्या कलमातून वगळले. संमतीवाचूनची कृत्ये गुन्हाच राहिली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्या संहितेत हे कलमच घेतले गेले नाही. शब्द मात्र बातमीत शिल्लक आहे. मुलावर झालेल्या बलात्कारालाही 'अनैसर्गिक कृत्य' आणि दोन प्रौढांच्या प्रेमालाही 'अनैसर्गिक संबंध'. संमती आणि जबरदस्ती यांतला भेद, जो फौजदारी कायद्याचा कणा आहे, तो एका विशेषणाने पुसला जातो. अत्याचार झाला असेल तर अत्याचार म्हणा. तो कोणत्या निसर्गाविरुद्ध होता, हे ठरविण्याचे काम वार्ताहराचे नाही.

आणि या शब्दाच्या धुरळ्यात खरी बातमी हरवते. कलम 377 गेल्यामुळे प्रौढ पुरुषावर वा पारलिंगी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर नव्या संहितेत बलात्काराच्या तोडीचे कलम उरले नाही. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात अशा अत्याचारास सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा ठेवली गेली. स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे. आमच्या त्या पक्षकारासारख्या माणसांच्या जिवाशी निगडित असलेला हा फरक किती मराठी वाचकांना वर्तमानपत्रातून कळला?

'पहिल्या'च्या पुढे काय?

आता सक्षमीकरणाच्या बातम्या. येथे चित्र उजळ दिसते. 2017 साली माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच निवडले. 9 नोव्हेंबर 2021 रोजी जोगती नृत्याच्या कलावंत आणि कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष मंजम्मा जोगती यांनी पद्मश्री स्वीकारताना राष्ट्रपतींची पदराने दृष्ट काढली आणि ते दृश्य देशभर दाखवले गेले. 'पहिल्या सरपंच', 'पहिल्या अध्यक्ष' अशा मथळ्यांत कौतुक आहे, ते खोटे नाही.

पण 'पहिली' ही बातमी एकदाच होते. त्या गावाच्या पाण्याचे, रस्त्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. मंजम्मांचा पदर दाखवला गेला. ज्या यल्लम्माच्या परंपरेतून तो पदर आला, ती परंपरा सौंदत्तीच्या डोंगरावर, आपल्या दाराशी आहे. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी आणि त्यांवर आधारलेल्या 'जोगवा' चित्रपटाने ती मराठीत आणलेली आहे. तरी आपल्या पत्रांना जोगता दिसतो तो यात्रेच्या रंगीत छायाचित्रापुरता.

जुलै 2021 मध्ये कर्नाटकाने सरकारी सेवांत पारलिंगी व्यक्तींसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. असा निर्णय घेणारे ते देशातले पहिले राज्य ठरले आणि बातमी ठळक छापली गेली. त्यानंतर किती जागा निघाल्या, किती भरल्या, आपल्या जिल्ह्यात कोण रुजू झाले, हे विचारणे म्हणजे सक्षमीकरणाचे वार्तांकन. शिलाईयंत्र वाटपाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा हसरा चेहरा छापणे हे वार्तांकन पाहुण्यांचे होते. 'मुख्य प्रवाहात आणणे' हा आवडता वाक्प्रचारही तपासून पाहावा. कर भरणारा, मत देणारा, बाजारात मार खाणारा माणूस प्रवाहाबाहेर केव्हा होता? प्रवाहातून त्याला ढकलणारे हात बातमीत दिसत नाहीत, एवढेच.

आणि जे 'पहिले' नाहीत आणि गुन्ह्यातही नाहीत, त्यांना जागाच नाही. परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोन स्त्रिया बातमीत येतात त्या बहुधा पळून गेल्यावर किंवा जीव दिल्यावर, आणि तेव्हाही 'मैत्रिणी' म्हणून. पारलिंगी पुरुष तर येतच नाहीत.

काय करता येईल?

तमिळ भाषेने या बाबतीत वाट दाखवली आहे. मद्रास उच्च न्यायालयात 2021 मध्ये दोन तरुणींनी संरक्षणासाठी अर्ज केला. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी आपले पूर्वग्रह निकालपत्रात स्वतःच नोंदवले आणि समजून घेण्यासाठी समुपदेशकाची मदत घेतली. त्याच प्रकरणाच्या ओघात, त्या समाजाशी विचारविनिमय होऊन तयार झालेली तमिळ शब्दसूची ऑगस्ट 2022 मध्ये तमिळनाडूच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. माध्यमांनी कोणता शब्द वापरावा, हे त्या भाषेने आपल्या माणसांना विचारून ठरविले. अभिजात भाषेचा दर्जा 2024 मध्ये मराठीलाही मिळाला. अभिजातपणाची एक कसोटी ही आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून मराठी संपादकांकडे, विशेषतः सीमाभागातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी पत्रांच्या संपादकांकडे, आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत:

1. व्यक्तीला लिंगवाचक रूप कोणते हवे ते विचारावे. विचारणे शक्य नसेल तेथे 'त्यांनी सांगितले' असा प्रयोग करावा.
2. गुन्ह्याच्या बातमीत फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हे मथळ्यातच स्पष्ट असावे. आरोपी वा फिर्यादीच्या लिंगभानाचा गुन्ह्याशी संबंध नसल्यास त्याचा उल्लेख करू नये.
3. कोणाचाही लैंगिक कल त्याच्या संमतीवाचून छापू वा दाखवू नये, मग तो मृत असो की आरोपी.
4. 'अनैसर्गिक' हे विशेषण बातमीतून हद्दपार करावे.
5. साहित्य संस्थांनी, या समाजातील व्यक्तींना बरोबर घेऊन, मराठी शब्दसूची करावी आणि ती प्रत्येक वृत्तपत्राच्या कार्यालयात लावावी.

यातील एकाही मागणीला पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

त्या पक्षकारांसाठी आम्ही संपादकांना पत्र पाठवले. आठ दिवसांनी आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा आला: मारहाणीची फिर्याद तृतीयपंथी व्यक्तींनीच दिली होती. 'धिंगाणा' हा शब्द चुकीचा होता, असे काही म्हटले नाही. खुलासा आम्ही त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो कापून घेतला, पहिल्या बातमीच्या घडीत ठेवला आणि म्हणाल्या, "म्होरल्या खेपंला आदीच इचारा म्हनावं."

आमच्या कारकुनाने त्यांना दारापर्यंत पोहोचवले. परत येऊन तो म्हणाला, "साहेब, त्या गेल्या."